आडव्या बाटलीवर सही करताना

चंद्रपूर जिल्ह्यातील एका गावातून एका अंगणवाडी सेविकेने लिहिलेल्या सविस्तर पत्राचा हा सारांश आहे. त्यांचे वडील दारूमुळे यकृत निकामी होऊन गेले. २०१० मध्ये दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरला निघालेल्या महिलांच्या पदयात्रेत त्या आईसोबत चालल्या होत्या. २०१५ मध्ये जिल्ह्यात बंदी लागू झाली तेव्हा गावात गोड जेवण झाले. मात्र त्यांच्या पतीची दारू सुटली नाही, ती फक्त महाग झाली, आणि आठवड्याच्या मजुरीतला मोठा वाटा तिच्यात जाऊ लागला. याच काळात त्यांचा एकोणीस वर्षांचा भाचा दुचाकीवरून दारूच्या पेट्या आणताना पकडला गेला आणि तो खटला अजून चालू आहे. २०२१ मध्ये बंदी उठली, गावातले देशी दारूचे दुकान पुन्हा उघडले आणि ते नेमके अंगणवाडीच्या वाटेवर आहे. आता बचत गटाच्या महिला ते बंद करण्यासाठी मतदान मागणाऱ्या अर्जावर सह्या गोळा करत आहेत. या मतदानात आडवी बाटली म्हणजे दुकान बंद आणि उभी बाटली म्हणजे दुकान चालू. नागपूरला शिकणारी मुलगी म्हणते, ‘आई, तंबाखू उघड विकतात, मग दारूवरच बंदी का? ज्याला प्यायची तो पिणारच.’ पत्राच्या शेवटी त्या विचारतात: ‘दारू इतकी घातक आहे तर ती कायदेशीर असावीच का? आणि बंदीचे हाल डोळ्यांनी पाहिल्यावर मी पुन्हा सही करावी का?’

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मला त्यात एकच प्रश्न दिसला होता. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की तुम्ही चार प्रश्न एका धाग्यात ओवले आहेत: दारूचा कायदा कसा असावा, गावातले दुकान राहावे का, तुमच्या यजमानांचे काय करायचे, आणि भाच्याच्या बाबतीत जे घडले त्याचा दोष कोणाकडे जातो. हे प्रश्न एकमेकांना लागून असले तरी एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. तुमची घुसमट मला वाटते तिथूनच सुरू होते, कारण एका सहीने चारही प्रश्न सुटावेत अशी अपेक्षा तुम्ही नकळत धरली आहे आणि तसे होणार नाही हे अनुभवाने तुम्हाला ठाऊकही आहे.

आधी कायद्याचे पाहू. दारू शरीराला घातक आहे याबद्दल आता वाद उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले, आणि २०२३ च्या जानेवारीत त्याच संघटनेने सांगितले की आरोग्याला सुरक्षित म्हणता येईल असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. ‘थोडी घेतली तर हृदयाला बरी’ हे वाक्य लग्नाच्या मांडवात अजून ऐकू येते, पण त्याचा आधार आता फार कच्चा झाला आहे.

तरीही ‘घातक आहे म्हणून बेकायदेशीर असावी’ ही उडी मला घेता येत नाही. तुमची मुलगी म्हणते की कायद्याने चालते तर त्यात वावगे काय, आणि तुम्ही म्हणता की घातक आहे तर कायद्याने चालतेच कसे. ऐकायला तुम्ही दोघी समोरासमोर उभ्या आहात, पण दोघींनीही एकच गोष्ट धरून ठेवली आहे की कायदा म्हणजे चांगल्या-वाईटाचा दाखला. आपल्या राज्याच्या कायद्याने हा दाखला कधीच नीट दिलेला नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये, औषधी वापर सोडून, मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे मार्गदर्शक तत्त्व आहे, आणि ज्या कायद्याखाली आपल्याकडे दारू विकण्याचे परवाने दिले जातात त्याचे नावच ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ असे असून तो १९४९ पासून चालत आला आहे. पिणाऱ्याकडेही परवाना हवा असे तो कायदा मानतो, आणि एका दिवसाच्या परवान्याची सोयही त्यात आहे. नाव बंदीचे, काम परवान्यांचे, आणि तिजोरीत वर्षाला वीस हजार कोटी रुपयांहून अधिक महसूल, असा हा संसार आहे. अशा घरात वाढलेल्या मुलीने ‘मग नेमके काय खरे?’ असे विचारले, तर तिच्यावर रागावू नये.

आता बंदीचा अनुभव. तुम्ही स्वतः जे पाहिले ते खरे आहे, पण ते संपूर्ण चित्र नाही, हे मला जरा थांबून सांगावेसे वाटते, कारण पत्रात तुम्ही ‘आमचे चालणे वाया गेले’ असे लिहिले आहे. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून संपूर्ण बंदी आहे. तिथे विषारी दारूने माणसे मेली, २०२२ च्या डिसेंबरमध्ये एकट्या सारण भागात सत्तरहून अधिक मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या, आणि तुरुंग गरिबांनी भरले ही टीकाही रास्त आहे. पण २०२४ मध्ये लॅन्सेट समूहाच्या एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा की त्या बंदीमुळे रोज किंवा दर आठवड्याला पिण्याची सुमारे २४ लाख आणि पती-जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेची सुमारे २१ लाख प्रकरणे टळली. अंदाज हा अंदाजच असतो. तरी ज्या घरात रात्री नऊनंतर मुले आईच्या पाठीमागे लपतात, त्या घरासाठी हा आकडा कागदावरचा नाही. बंदी ‘पूर्ण फसली’ असे म्हणणारे बहुधा त्या घरात राहत नसतात.

विषारी दारू फक्त बंदी असलेल्या प्रदेशातच बनते, हाही एक सोयीचा समज आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला गावठी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे गेली, तेव्हा मुंबईत बंदी नव्हती. परवान्याची दारू ज्याला परवडत नव्हती तो स्वस्त प्याला, आणि तिच्यात मिथेनॉल होते. मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते, त्याने आधी दृष्टी जाते आणि मग जीव. म्हणजे दारू कायदेशीर केली की गरीब माणूस आपोआप सुरक्षित होतो, हेही खरे नाही.

मग चंद्रपुरात नेमके काय झाले? पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी ठराव केले, बायका चालल्या, १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली. वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून आणि गडचिरोली १९९३ पासून कोरडा होता, पण नागपूर, यवतमाळ आणि तेलंगण यांच्या बाजूने वाट मोकळी होती, आणि वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यातले वणी होते. मागणी गावात राहिली, माल नदीपलीकडे राहिला, आणि मधल्या अंतराची किंमत तयार झाली. ती किंमत तुमच्या भाच्यासारख्या मुलांनी वसूल केली आणि तुमच्या यजमानांसारख्या माणसांनी मोजली. बंदी आणताना व्यसनी माणसांच्या उपचाराची सोय तालुक्या-तालुक्यात उभी राहिली असती, तर हे अंतर इतके महागले नसते असे मला वाटते. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम चालतो, आणि त्यात गावोगावच्या संघटनांबरोबर तालुक्याच्या ठिकाणी व्यसनउपचाराचे क्लिनिकही असते. बंदी येऊन तेवीस वर्षे झाल्यावर तिथे ही जोड द्यावी लागली.

त्यामुळे माझे मत विचाराल तर ते असे आहे: दारू कायदेशीर असावी, पण राज्याने ती नाइलाजाने चालू द्यावी, तिच्या विक्रीवर डोळा ठेवून अर्थसंकल्प मांडू नये. तुमच्या मुलीच्या तंबाखूच्या दाखल्याचाही अर्थ मी उलटा लावेन. तंबाखू उघड विकला जातो हे खरे, पण त्याच्या जाहिरातीला बंदी आहे, पाकिटावर सडलेल्या जबड्याचे चित्र असते आणि शाळेजवळ तो विकता येत नाही. दारूच्या कंपन्या मात्र त्याच नावाचा सोडा आणि पाण्याच्या बाटल्या दाखवून जाहिरात करतात आणि सगळ्यांना त्या कशाच्या जाहिराती आहेत ते कळते. मुलीला म्हणावे, तंबाखूसारखेच नियम दारूला लावू या, मी तयार आहे.

तिच्या ‘ज्याला प्यायची तो पिणारच’ या वाक्यात अर्धे सत्य आहे. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात असे आढळले, आणि ज्यांचे पिणे आता अवलंबित्वाला पोचले आहे अशांचे प्रमाण १० ते ७५ वयोगटात सुमारे तीन टक्के निघाले. अशा माणसाच्या बाबतीत ‘त्याची मर्जी’ हा शब्द वापरणे मला अवघड जाते. पण जो अजून त्या टोकाला गेलेला नाही, ज्याच्या हातात दिवसाची मजुरी आहे आणि घरी जायच्या वाटेवर दुकान आहे, त्याचे पिणे दुकानाच्या अंतरावर, वेळेवर आणि भावावर खूप अवलंबून असते. आणि जो अजून पितच नाही, तो अंगणवाडीतून घरी जाताना रोज काय पाहतो, यावरही पुढचे बरेच ठरते.

म्हणून जिल्हाभराच्या बंदीबद्दल माझ्या मनात शंका असली तरी तुमच्यापुढे आलेल्या अर्जाबद्दल नाही. तुम्ही सही करावी असे मला वाटते. गावाचे मतदान आणि सरकारी बंदी या वेगळ्या गोष्टी आहेत. इथे पिणारा गुन्हेगार ठरत नाही, तालुक्याला परवान्याची दारू मिळत राहते, म्हणून विषारी मालाकडे वळण्याची सक्ती तितकीशी होत नाही, आणि दुकान कुठे नसावे हे त्या वाटेवरून रोज चालणाऱ्या बायका ठरवतात. आपल्याकडे हे नवे नाही. १८८० मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहून हरकत घेतली होती, आणि त्यांचाही मुद्दा वस्तीतल्या दुकानामुळे घरे उद्ध्वस्त होतात हाच होता.

तोट्याची बाजूही सांगते. दुकान गेले तर तुमचे यजमान दुसऱ्या गावाला जातील आणि रात्री दुचाकीवरून पिऊन परततील. मोहाची दारू गावात आधीपासून असेल तर तिचा खप वाढेल. सही करण्याआधी गटातल्या बायकांशी यावर उघड बोला, कारण मतदान जिंकल्यावर तिसऱ्या महिन्यात मागच्या दाराने विक्री सुरू होते आणि तेव्हा ‘आपण तर बाटली आडवी केली होती’ अशी हताशा येते. अवैध विक्रीची माहिती कोण देणार, कोणत्या क्रमांकावर देणार, आणि विकणारी एखादी विधवा असेल तर तिच्या पोटाची सोय काय, हे गटाने आधी ठरवलेले बरे. शेवटचा प्रश्न बैठकीत कोणी काढत नाही, आणि नेमका तोच नंतर गावाला दुभंगतो.

मतदानाच्या नियमांत एक खोच आहे. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी अर्ज केला की राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्यांची पडताळणी करतो आणि गुप्त मतदान घेतले जाते. दुकान बंद होण्यासाठी नोंदणी झालेल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीला मत द्यावे लागते, नुसत्या मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे. म्हणजे महिलांचे मतदान असेल आणि गावात ९०० महिला मतदार असतील, तर किमान ४५१ मते आडव्या बाटलीला हवीत, आणि जी बाई त्या दिवशी मिरची तोडायला तेलंगणात गेली आहे तिची गैरहजेरी उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होते. तेव्हा हंगाम पाहून अर्ज करा, मतदार यादीतली मयत आणि लग्न होऊन गेलेली नावे आधीच कमी करून घ्या. या नियमांत अधूनमधून बदल होतात, म्हणून सध्याची टक्केवारी जिल्ह्याच्या अधीक्षक कार्यालयातून लेखी घ्या, कोणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. सह्यांची पडताळणी होते तेव्हा काही बायकांवर घरून दबाव येतो, त्यामुळे मोजून २५ टक्क्यांवर थांबू नका, बऱ्याच जास्त सह्या घ्या. आणि अर्ज करण्यापूर्वी दुकानापासून अंगणवाडी, शाळा आणि देऊळ किती अंतरावर आहेत ते मोजून पाहा, कारण शाळा आणि देवळांपासूनच्या अंतराचे नियम वेगळे आहेत, आणि ते मोडले असतील तर मतदानाशिवायही तक्रार करता येते.

आता घरातले, ज्याबद्दल तुम्ही पत्रात सगळ्यात कमी लिहिले आहे. ‘दुकान गेले की ते सुधारतील’ ही आशा तुम्ही सोडलेली दिसत नाही, आणि बंदीच्या सहा वर्षांत जे झाले नाही ते आता होईल असे मला वाटत नाही. तुम्ही लिहिता की सकाळी त्यांचे हात थरथरतात आणि एक घोट घेतल्यावर थांबतात. हे व्यसनाच्या आजाराचे लक्षण आहे, आणि अशा माणसाची दारू एकदम तोडणे धोक्याचे असते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, बरळणे, तीव्र ताप असे होऊन जीवही जाऊ शकतो. टाळेबंदीत दुकाने बंद असताना, एप्रिल २०२१ मध्ये, तुमच्या पलीकडच्या वणीत सात माणसे सॅनिटायझर पिऊन गेली. हौसेने कोणी सॅनिटायझर पीत नाही. तेव्हा कोंडून ठेवणे, शपथ घालणे, बाबाकडची पुडी देणे, यांपैकी काहीही करू नका. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात न्या. तिथे औषधांच्या आधाराने दारू उतरवता येते, आणि ती उतरल्यावरच खरा उपचार सुरू होतो. नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या क्रमांकांवर फोन करता येतो, आणि घरच्या माणसांनीही तो करावा.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण अशा पत्रांत ती वारंवार येते. ‘न सांगता भाजीत घालायचे’ असे एक औषध मिळते आणि बायका ते नाइलाजाने घालतात. त्या औषधावर असताना माणूस दारू प्याला तर रक्तदाब कोसळणे आणि हृदयाचे ठोके बिघडणे इथपर्यंत प्रसंग येतो. ते औषध रुग्णाच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

ते उपचाराला तयार झाले नाहीत तर? पहिल्यांदा बहुतेक कोणीच होत नाही. तुम्ही मात्र थांबू नका. मानधन तुमच्या एकटीच्या खात्यात येईल आणि कार्ड तुमच्याकडे राहील, एवढे करा. त्यांच्या गुत्त्यावरच्या उधाऱ्या फेडू नका, ‘आज बरे नाही’ असे मालकाला खोटे कळवू नका. ‘कधीकधी हात उगारतात’ असे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी पुढे जाणार नाही. दारू हे त्याचे कारण असेल, पण माफी नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली तुम्हाला संरक्षण मागता येते, तालुक्यात संरक्षण अधिकारी असतात, आणि तातडीच्या वेळी ११२ किंवा १८१ आहे. अंगणवाडी सेविका म्हणून हे क्रमांक तुम्ही इतर बायकांना सांगितलेही असतील. स्वतःसाठी वापरताना लाज वाटते, हे मला कळते.

भाच्याबद्दल तुम्ही स्वतःला दोष देता: आम्ही बंदी मागितली नसती तर पोर अडकले नसते. त्याला पेट्या आणायला ज्याने लावले तो माणूस या खटल्यात आहे का, एवढेच मी विचारते. तुमच्या मागणीमुळे बाजार तयार झाला हा आरोप मी अर्धा मान्य करेन, पण एकोणीस वर्षांच्या मुलाला पुढे करून स्वतः मागे राहणाऱ्याचा हिशेब तुमच्या नावावर मांडू नका. मुलाला वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असेल किंवा अनुसूचित जाती-जमातीतला असेल तर त्याला मोफत वकील मिळतो. तारखा चुकवू देऊ नका, कारण साध्या प्रकरणातही वॉरंट निघते आणि मग पोलीस भरतीपासून पासपोर्टपर्यंत सगळे अडते.

मुलीशी मात्र वाद जिंकायला जाऊ नका. ती सुट्टीला आली की तिला सह्या गोळा करणाऱ्या बायकांबरोबर दोन गल्ल्या फिरू द्या, मतदार यादीतली नावे तपासायचे काम द्या. तिचे मत बदलेलच असे नाही, आणि तिने बंदीविरुद्ध मांडलेले काही मुद्दे तुमच्या बैठकीत कोणीतरी मांडायलाच हवेत. अर्ज दाखल झाला की पोच घ्या आणि पोचेवरची तारीख मला कळवा.